लाल म्हणजे चालू

भोयर साहेब कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांची नाही, फ्रीजची विचारपूस करत. चपला दाराशी काढायच्या, सरळ स्वयंपाकघरात जायचं आणि आजारी लेकराच्या गळ्याला लावावा तसा उलटा हात फ्रीजच्या अंगाला लावायचा. डोळे मिटायचे. मग निदान. "याले ताप हाये. भिंतीपासून सरकवा जरा. श्वास घेऊ द्या त्याले." एवढं झालं की बाहेर सोफ्यावर येऊन बसायचं आणि म्हणायचं, "हां, आता बोला. तब्येती कशा हायेत सगळ्यायच्या?"

माणसांच्या तब्येती ऐकताना त्यांचं अर्धं लक्ष नसे. आत मिक्सर सुरू झाला की मात्र मान वर होई. एकदा माझी बायको शेंगदाण्याची चटणी करत होती तर हे बाहेरून ओरडले, "वहिनी, लोड कमी करा! थो रडून राह्यला!" बायकोनं घाबरून बटण बंद केलं. त्या दिवशी आम्ही चटणी जाडीभरडी खाल्ली आणि मिक्सरला आराम पडला.

भोयर साहेबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. निवृत्त होऊन कोराडी रोडवरच्या आमच्या सोसायटीत राहायला आले, तळमजल्यावर, माझ्या भिंतीला भिंत लावून. पण कंट्रोल रूम काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. कोणताही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "लोड किती हाये थे सांगा पयले." मुलाला कोणत्या कॉलेजात घालू? लोड किती हाये? गुडघ्याचं ऑपरेशन करू का? लोड किती हाये, म्हणजे वजन किती हाये तुमचं? समोरचा माणूस रागावला तरी साहेबांच्या ध्यानात येत नसे. ते त्याच्या गुडघ्याकडे बघत असत.

लग्नात सगळे वधू-वरांकडे जात. साहेब मंगल कार्यालयाच्या मागे जनरेटरकडे जात. ताट घेऊन तिथंच जनरेटरवाल्याच्या बाजूला खुर्ची टाकत. सोसायटीतल्या एकाही लग्नाच्या अल्बममध्ये भोयर साहेब सापडायचे नाहीत. जनरेटरचे फोटो कोणी काढत नाही.

आणि धोटेआजोबा गेले तेव्हाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. नाशिकचे नातेवाईक यायचे म्हणून भाड्यानं काचेची शीतपेटी आणली होती. भोयर साहेब आले, पेटीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती जीव होता म्हाताऱ्यावर! मग साहेब धोट्यांच्या मुलापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "कॉम्प्रेसर दमला हाये. नाशिकवाल्यायची वाट पाहू नको गा." मुलानं ऐकलं. घाटावरून परत येतो तो पेटी परत न्यायला आलेला माणूस तिच्याशी भांडत बसला होता. बंद पडली होती.

हे सगळे किस्से मीच गावभर केले. मी शाळामास्तर होतो; निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, सांगायची सवय राहिली. सोसायटीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बाक आहे. संध्याकाळी मी तिथे पोचलो की मंडळी विचारत, "मास्तर, कोराडीची काय खबर?" कोराडी म्हणजे भोयर साहेब. आणि मी खबर देत असे. त्यात दुष्टावा नव्हता. पण त्यातली एक गोष्ट मी अर्धीच सांगितली, अर्धी सांगितल्यामुळेच ती रंगली, आणि तिच्यापायी भोयर साहेबांचं घर सुटायची वेळ आली. ती आज पुरी सांगतो.

साहेबांच्या पत्नी शशिकलावहिनी भिवापूरच्या. त्यांचं बोलणं भिवापुरी मिरचीसारखंच, आणि अखंड. माणूस समोर असलाच पाहिजे असं काही नव्हतं. भिंतीपलीकडून मला दिवसभर ऐकू येई. दुधाला, "काय वं माय, उतूच जाशीन का आज?" मांजराला, "तुले काय भाड्यानं ठेवलं का इथं?" त्यात साहेबांचा आवाज कधी यायचा नाही. ते खुर्चीत बसून असायचे.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर साहेबांनी कूलर बंद करायचं सोडून दिलं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर घरघरणारच, त्यात नवल नाही. पण पावसाळ्यात सगळ्यांनी कूलर काढून माळ्यावर टाकले तरी साहेबांचा सुरूच. थंडीतही सुरू. टाकीत पाणी नाही, तोंड खिडकीकडे फिरवलेलं, आणि साहेब आत स्वेटर, कानटोपी घालून बसलेले. विचारलं तर म्हणत, "बेरिंग जाम होते गा मास्तर. मशीनले बसवून ठेवू नये." बाकावर हा किस्सा भलताच चालला.

मागच्या थंडीच्या सुरुवातीला त्या कूलरची मोटर जळाली. आणि साहेबांचं आमच्याकडे येणं वाढलं. येत, स्वयंपाकघरात फ्रीजपाशी स्टूल घेत आणि पेपर वाचत बसत. बायको म्हणाली, "एकटं वाटत असेल हो त्यांना."

"अगं, फ्रीज तपासून राहिले ते," मी म्हणालो, आणि संध्याकाळी बाकावरही तेच सांगितलं.

त्याच सुमारास त्यांच्या मुलीनं अट घातली. वर्षा पुण्याला असते, बँकेत आहे. ती म्हणाली, "बाबा, एकटं राहायचं असेल तर रोज मला तुम्ही दिसले पाहिजेत. नाहीतर पुण्याला चला." साहेबांकडे बटणांचा जुना फोन. नवा घेतील तर शपथ! "बोटभर काचीत पोट्टी किती दिसन? तिचं नाक दिसन नाहीतर कान." मग ठरलं की टेबलावर ठेवायचा कॉम्प्युटर घ्यायचा, मोठ्या पडद्याचा.

पुण्याचं नाव काढलं की साहेब अस्वस्थ होत. "पुण्याले माह्यं काय काम हाये? स्टँडबाय पंप असते नं मास्तर, तसा कोपऱ्यात उभा राहीन. मेन पंप चालूच हायेत तिथं. दर सोमवारी मले पाच मिनिटं फिरवून पाहतीन, चालते का म्हणून, का पुन्हा बंद." म्हणून कॉम्प्युटर ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. तो लागला तर घर राहणार होतं.

आम्ही दोघं सीताबर्डीला दुकानात गेलो. अंकित नावाचा हसतमुख विक्रेता पुढे आला. साहेबांनी आधी सगळ्या मशीनना उलटा हात लावत दुकानाची एक फेरी मारली. अंकित मागे मागे.

"काका, करायचं काय आहे कॉम्प्युटरवर?"

"पोट्टी पाहायची हाये," साहेब म्हणाले.

अंकितनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं म्हणालो, "त्यांची मुलगी पुण्याला असते. व्हिडिओ कॉल."

"अच्छा अच्छा! मग काका, ये देखो." त्यानं अर्धा किलो संत्रा बर्फीच्या डब्याएवढी एक चीज तळहातावर धरली. "पूरा कॉम्प्युटर आहे हा. पडद्याच्या मागं चिकटवून टाका, दिसणार बी नाही. वीज एका बल्बाएवढी. आवाज शून्य."

"आणि थे?" साहेबांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात गुडघ्याच्या वर येईल असं एक काळं कपाट उभं होतं. एका बाजूला काच, काचेत पंखेच पंखे, आणि पंख्यांत रंगीत दिवे.

"ते तर काका राक्षस आहे. गेमिंगवाली पोरं घेतात, सिनेमे बनवणारे घेतात. आठ कोरचा आहे. म्हणजे आत समजा आठ जण बसलेत, एकाच वेळी आठ कामं करणारे. तुम्हाला मुलगी पाहायला आठ जण कशाला?"

"बराबर हाये," साहेब म्हणाले. "सात जण रिकामे बसतीन. आणि कंट्रोल रूममध्ये रिकामा माणूस बसला का आठव्यालेही काम करू देत नाही." मग म्हणाले, "दोन्ही चालवून दाखव. फुल लोडवर."

बिचाऱ्या अंकितनं दोन्ही सुरू केले. लहान्यावर एक सिनेमा लावला, राक्षसावर मारामारीचा खेळ लावला. साहेबांनी दोघांच्या मधे स्टूल ओढलं आणि एका वैद्यानं दोन रोग्यांच्या नाड्या एकदम धराव्या तसे दोन्हीकडे हात ठेवून बसले. पडद्यावर इमारती कोसळत होत्या, रणगाडे फुटत होते. काळ्या कपाटाचे पंखे असे सुरू झाले की दळणाची गिरणी आठवावी. मी दुसरीकडे किमती बघत फिरलो आणि परत येऊन पाहतो तो काय, साहेबांचं डोकं राक्षसाच्या बाजूला कललं होतं. तोंड अर्धं उघडं. घोरत होते. भोवती गिऱ्हाइकं जमली होती.

"काकाजी बेहोश झाले का?" एका बाईनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "लोड तपासून राहिले."

त्यांना हलवून उठवलं. इतके ताजेतवाने मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिले नव्हते. "हे चांगलं चालते," राक्षसाला थोपटत ते म्हणाले. मी लगेच वर्षाला फोन लावला. तिकडून ती आणि इकडून मी, आम्ही दोघांनी मिळून साहेबांना गप्प केलं. जागा कमी, वीज कमी, आवाज शून्य. कोणत्याही शहाण्या माणसाला पटेल असंच होतं ते. साहेबांनाही नाही म्हणता येईना. जन्मभर त्यांनीच तर दुसऱ्यांना लोडाप्रमाणे मशीन घ्यायला सांगितलं होतं. आम्ही बर्फीचा डबा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षाचा मला फोन. "काका, बाबा दिसतात आणि जातात. सकाळपासून सारखं तेच चाललंय. जरा बघता का?"

मी गेलो. साहेब टेबलाशी ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि डब्याच्या बटणावर बोट होतं. डब्यावर हिरवा दिवा लागला. साहेबांनी बटण दाबलं. दिवा गेला. पुन्हा दाबलं. हिरवा आला. पुन्हा दाबलं.

"काय करून राहिले साहेब?"

"चालूच नाही होऊन राह्यला."

"अहो, हिरवा लागला म्हणजे चालू झाला!"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला कामाला लागून पहिलाच दिवस झालाय. "हिरवा म्हणजे बंद, मास्तर. लाल म्हणजे चालू. आमच्या अख्ख्या कंट्रोल रूममध्ये असंच असते. लाल दिवा, म्हणजे आत वीज वाहून राह्यली, हात लावू नको. हिरवा, म्हणजे मेला हाये, खुशाल लाव. यानं उलटं काहून केलं?"

"पण पडद्यावर चित्र येत असेल ना?"

"येते नं. पण दिवा बंदचा, आवाज नाही काई नाही. पडदा खोटं बोलू शकते. आमच्याकडं मीटर काही बी दाखवो, मी खाली जाऊन हात लावून येत होतो. याले हात लावला तर थंडगार. मंग मी चालू कराले बटण दाबतो, का चित्र जाते."

म्हणजे हा माणूस सकाळपासून चालू मशीन पुन्हा पुन्हा चालू करत होता. मी इतका हसलो की खुर्चीवर बसावं लागलं. साहेब हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं बनवणाऱ्यानंच गफलत केली होती.

आता माझी गफलत ऐका. लाल-हिरव्याचं कारण मला तिथंच कळलं होतं. ते सांगितलं असतं तर गोष्ट शहाणी झाली असती आणि कोणी हसलं नसतं. म्हणून संध्याकाळी बाकावर मी कारण गाळलं. नुसते साहेब, नुसता हिरवा दिवा आणि नुसतं बोट. मी बोटाचा अभिनयही केला. लोक पोट धरून हसले. तेवढ्यात वर्षाचा फोन आला. समोर श्रोते, तोंडात ताजी गोष्ट. मी म्हणालो, "काही नाही गं, बाबांना आजकाल लाल-हिरव्यातलं कळेनासं झालंय!" बाकावर हशा उसळला. तो तिलाही ऐकू गेला असणार.

तिनं हशा संपू दिला. मग म्हणाली, "मी रविवारी येते काका. बाबांना घेऊनच जाते."

बाकावरून उठलो तेव्हाच मी तिला परत फोन करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, येईल तेव्हा समजावू. दिलेली खबर मागे घेणं मास्तरला जड जातं.

साहेबांना वर्षानंच कळवलं.  शनिवारी सकाळी बर्फीचा डबा पिशवीत घालून एकटेच बाहेर पडले, आणि दुपारी रिक्षातून राक्षस उतरला. वरचे पैसे त्यांनी कुठून घातले कोण जाणे. अंकित स्वतः लावायला आला होता. साहेबांनी त्याच्याकडून आतले निळे, जांभळे, हिरवे सगळे दिवे बदलून लालेलाल करून घेतले. पडदे ओढलेल्या त्या खोलीत काचेमागे लाल पंखे घुमत होते. वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं साहेबांनी घरात देवीची स्थापना केली. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव पडलं 'युनिट', कोराडीच्या केंद्रातल्या जनित्राला म्हणतात तसं. म्हातारा मुलीचं तोंड पाहायला रेल्वे ओढेल एवढं इंजिन घेऊन आला, असं सगळे बोलत होते. त्या दिवशी मी बाकावर गेलो नाही. गोष्ट माझ्याशिवाय चालायला लागली होती.

रविवारी वर्षा आली. मी फाटकाशीच तिला गाठलं आणि लाल-हिरव्याचं सगळं सांगितलं.

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"गोष्ट रंगत होती," मी म्हणालो. 

ती पुढे झाली. मी मागोमाग. आत पाऊल टाकलं आणि राक्षस पाहून ती जागच्या जागी थबकली. माझ्या खुलाशानं जे काही सावरलं असेल ते त्या लाल उजेडात पार गेलं.

"बाबा, हे काय आहे?"

"कॉम्प्युटर."

"हे गेम खेळणाऱ्या पोरांसाठी असतं!"

"मंग खेळीन."

"घरात गिरणी टाकल्यासारखा आवाज येतोय."

"येते," साहेब म्हणाले.

"त्या छोट्याला आवाज नव्हता."

"नव्हता."

तिनं कपाळाला हात लावला. मग आतल्या खोलीत गेली, कपाटावरची बॅग काढली आणि साहेबांचे शर्ट भरायला लागली. साहेब खुर्चीत. मी दारात. नको म्हणायला एकाकडेही तोंड नव्हतं. त्यांना बोलता येत नव्हतं आणि मी जास्त बोलून बसलो होतो.

आणि वीज गेली.

एक गोष्ट सांगायची राहिली. साहेबांच्या घरी इन्व्हर्टर नाही. कोणी सुचवलं तर म्हणत, "जन्मभर वीज बनवली आणि घरी बॅटरी ठेवू? आचाऱ्यानं सोताच्या पोट्टीच्या लग्नात घरून डबा न्यावा?" एरवी वीज गेली की साहेब क्षणात बाहेर. कोणता फेज गेला, समोरच्या लाइनीत आहे का, खांबावर ठिणगी दिसते का. सगळी सोसायटी त्यांनाच विचारे. त्या दिवशी ते उठलेच नाहीत.

पंखे हळूहळू थांबले. लाल विझलं. फ्रीज एक उसासा टाकून गप्प झाला. मग काहीच नाही. मला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. मोरीत नळाचा थेंब पडला, तो ऐकू आला. पुढचा कधी पडतो याची आम्ही तिघंही वाट पाहत आहोत असं वाटलं. शर्टाची घडी हातात धरून वर्षा दारात आली.

"ऐकून राह्यली?" साहेबांनी विचारलं.

"काय?"

"हेच."

ती ऐकत राहिली.

"तुही आई गेली तवापासून हेच वाजते घरात," साहेब म्हणाले. "कूलर होता तवरी जमलं. घरच्या फ्रीजले एकट्याचा लोडच नाही, घडीभर वाजते का चूप. मंग मास्तरच्या फ्रीजपाशी बसून पाह्यलं. पण लोकाच्या घरी किती बसन माणूस? थो छोटा डबा चांगला हाये वं. त्याच्यात काई खोट नाही. पण थो आला आणि घर आणखीच चूप झालं."

"मले काहून नाही सांगितलं, बाबा?" वर्षा म्हणाली. पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून 'मले' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"काय सांगू? घर वाजत नाही म्हणून? कोणत्या खात्यात तक्रार देऊ?"

ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. शर्ट मांडीवरच होता. मी भिंतीकडे पाहत होतो, त्याच भिंतीकडे, जिच्या पलीकडे बसून मी हिवाळ्यातल्या कूलरचा किस्सा रचला होता.

थोड्या वेळानं वीज आली. फ्रीज थरथरून सुरू झाला. राक्षस मात्र बंदच होता. त्याला बटण दाबावं लागतं. साहेब उठायला लागले तर वर्षानं त्यांना हातानं बसवलं, स्वतः गेली आणि बटण दाबलं. लाल पंखे घुमायला लागले. मग तिनं बॅगेतले शर्ट काढून पुन्हा कपाटात लावले. साहेब तिला मागून सांगत होते, "निळा वरच्या खणात, निळा वरच्या खणात." बुधवारच्या गाडीनं ती गेली. एकटी.

अट मात्र कायम होती: रोज दिसायचं. वर्षा बँकेतून घरी आली की फोन लावते. सुरुवातीला मोठी पंचाईत झाली, कारण बापलेकीला बोलायची सवयच नव्हती. बोलणं सगळं वहिनींकडे होतं. "जेवले?" "जेवाचं हाये." "थंडी?" "हाये." संपलं. मग दोघं एकमेकांकडे बघत बसत, आणि कोणी आधी बंद करायचं ते ठरेना. एक दिवस तिला स्वयंपाकाची घाई होती म्हणून ती फोन ओट्याच्या वरच्या फळीला टेकवून कामाला लागली आणि बंद करायचं विसरली. साहेबांनीही केला नाही. दुसऱ्या दिवशी ती विसरली नव्हती, तरी तसंच केलं. आता रोज तसंच असतं.

मी बाकाऐवजी कधी कधी तिकडे जातो. भल्यामोठ्या पडद्यावर पुण्याचं स्वयंपाकघर असतं. बहुतेक वेळ त्यात वर्षाचं कोपर आणि मसाल्याच्या बरण्या. कुकर शिट्टी देतो, नळ वाहतो, कोणीतरी ताटली आपटतं. साहेब काही बोलत नाहीत. मी एकदा तोंड उघडलं तर त्यांनी बोटानं गप्प केलं. "काम करून राह्यली थे. मधात काहून बोलावं?" कधी जावई नुसत्या बनियनवर आत येतात, त्यांना पत्ता नसतो की नागपूर बघतंय. मग साहेब अदबीनं मान दुसरीकडे फिरवतात आणि ते गेले का हे मला विचारून मगच पुन्हा समोर पाहतात.

तिकडे पोळपाटाचा आवाज सुरू झाला की साहेब उठतात आणि इकडे आपलं ताट वाढून घेतात. वहिनी गेल्यापासून त्यांच्या जेवणाला वेळ नव्हती, हे मला शेजारी राहून कळलं नव्हतं.

परवा मी तिथंच होतो. लाटता लाटता वर्षा मागे वळली. "बाबा, आज दोडका केलाय मी. तुमच्याकडे काय आहे?"

"दोडकाच," साहेब म्हणाले.

ताटात पिठलं होतं. मला समोर दिसत होतं. तिच्या फोनवर तिलाही दिसत असणार. तिनं पोळी तव्यावर टाकली.

"कसा झालाय?"

साहेबांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि थोडा विचार केला.

"तिखट जरा कमी हाये," ते म्हणाले.